ग्रॅज्युएट आले नाहीत तेव्हा

ग्रॅज्युएटभाऊ भादव्यात गेले. सकाळी गेले, दुपारी चारला आम्ही त्यांना पोचवून आलो, आणि संध्याकाळी विहाराच्या पायरीवर प्रश्न उभा राहिला, आज ग्रंथ वाचायचा की नाही?

आमच्याकडे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. तीन महिने रोज दिवेलागणीनंतर विहारात बसायचं, धम्माचा ग्रंथ वाचायचा, मध्ये एकही दिवस खंड पडू द्यायचा नाही आणि शेवटच्या पौर्णिमेला शेवटचं पान वाचून खीर वाटायची. किन्हवलीपासून दोन-अडीच किलोमीटर आत आमची वाडी. पन्नासएक घरं. त्यातली भातशेती करणारीही येतात, मजुरीवरून आलेलीही येतात, आणि नोकरीवरून दमून आलेलीही हातपाय धुऊन येतात. हा नेम मोडत नाही.

त्या संध्याकाळचं मी सांगणारच आहे. पण तो प्रश्न आम्हाला एवढा का झोंबला ते कळायचं तर आधी माणूस कळायला हवा. मला स्वतःला तो कळायला पंधरा वर्षं लागली. मी काही कमी हुशार नाही हो, तेच कमी बोलायचे.

नाव सुदाम. पण सुदाम म्हणून कुणी हाक मारली असती तर त्यांनी स्वतः वळून पाहिलं नसतं. वाडीतले पहिले बी. ए. कल्याणला जाऊन, इतिहास घेऊन झालेले. तेव्हापासून पोस्टमन, कंडक्टर, किराणावाला, सगळ्यांच्या तोंडी एकच, ग्रॅज्युएट. पुढं वाडीत कितीतरी पोरंपोरी ग्रॅज्युएट झाली. एक इंजिनिअर झाला, दोघी नर्स झाल्या. तरी ते नाव काही कोणाला मिळालं नाही. इंजिनिअरला आजही आम्ही बारक्याच म्हणतो.

मुरबाडला एका सरकारी कचेरीत ते कारकून होते. सकाळची बस, संध्याकाळची बस, आणि दोन्हीकडे मांडीवर पुस्तक. पांढरा सदरा, खिशात एक पेन आणि एक पेन्सिलचा तुकडा. पेन लोकांना द्यायला. बसमध्ये, बँकेत, कचेरीत कुणीही मागावं, ते द्यायचे आणि विसरायचे. पेन्सिल मात्र कुणाला द्यायचे नाहीत. ती कशाला बाळगतात ते आम्हाला ठाऊक नव्हतं. एकदा पुस्तकात असे बुडाले की किन्हवली गेली तरी मान वर नाही, थेट शहापूरच्या स्टँडवर उतरले. कंडक्टर दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "मी दोनदा हाक मारली हो, काकू. पण त्यांचा चेहरा बघून तिसऱ्यांदा मारवली नाय."

त्यांची बायको सुमनबाय उंबरमाळीकडची. तिच्या माहेरी एका वेळी चार माणसं बोलतात, आणि पडली या मौनीबाबाच्या गळ्यात. ती म्हणायची, "ह्या माणसाचं घरात असनं-नसनं मला कपावरून कळतं गो. एक कप धुवायचा असला की समजायचं, घरात नाय." पण हे सांगताना तिच्या डोळ्यांत तक्रार नसायची. रात्री जेवणानंतर ते तिला पुस्तकातलं थोडं थोडं सांगायचे, हे तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. बाहेर न बोललेलं सगळं तिच्या वाट्याला यायचं म्हणा की.

बाहेर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं, "बघून सांगतो."

काहीही विचारा. बियाणं कोणतं घेऊ, पोरीला आर्ट्सला घालू की कॉमर्सला, या गोळीनं चक्कर येते का? ठोकून देणं त्यांना जमायचंच नाही. आणि गंमत अशी, ते खरंच बघायचे. आपण विचारलेलं आपण विसरून जायचं, आणि आठ-पंधरा दिवसांनी हे दारात हजर. मी एकदा त्यांची फिरकी घ्यायला विचारलं, "भाऊ, मांजर दूध पिताना डोळे का मिटतं?" म्हणाले, बघून सांगतो. तीन आठवड्यांनी मी चुलीपुढं भाकऱ्या थापत होते तर दारातून आवाज, "मंदाबाई, ते मांजराचं... दोन पुस्तकं पाहिली. नक्की कुठं सापडलं नाय." आणि गेले. मला हसावं की शरमावं कळेना. भाकरी करपली ती वेगळीच.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत त्यांना मतदारयादीच्या कामाला पाठवलं होतं. तिथल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "सरकारच्या कागदावर आमच्या वाडीचं नाव हाय का रं बाबा?" यांचं उत्तर ठरलेलं. मग पुढच्या आठवड्यात रविवारी, सुट्टीच्या दिवशी, मुरबाडची बस धरून, पुढं चिखलातनं चालत हा माणूस परत तिथं गेला. कशाला? तर "आहे" एवढा एक शब्द सांगायला. म्हातारा म्हणाला, "येवढ्यासाठी आलास? बस, भाकर खा." ती भाकर खाऊन संध्याकाळी घरी आले. सुमनबायनं विचारलं, कुठं होता दिवसभर? तर म्हणे, "एक निरोप राहिला होता."

भाषणाचं मात्र त्यांना वावडं. एप्रिलमध्ये जयंतीला एकदा पोरांनी त्यांना धरून आणून माईकपुढं उभं केलं. मागं डीजे, पुढं अख्खी वाडी. भाऊंनी माईक दोन्ही हातांनी धरला, खोकले, आणि म्हणाले, "मला जे बोलायचं ते वर्षावासात रोज वाचतो. ऐकायला या." आणि खाली उतरले. पोरांनी कपाळावर हात मारून घेतला. त्या वर्षी आषाढात विहारात दहा माणसं वाढली, हेही खरं.

वाचायचे मात्र असे की काय सांगू! आवाज अगदी खालचा. त्यामुळं ऐकणाऱ्याला श्वास धरून बसावं लागायचं. लहान पोरंसुद्धा चुळबुळ करत नसत. बोट थुंकीनं ओलं करून पान उलटणाऱ्याला तेवढे ओरडायचे, आयुष्यात तेवढ्याच गोष्टीवर. वीस-बावीस वर्षं ग्रंथ त्यांनीच वाचला. कुणी ठरवलं नव्हतं, पण वाडीत नियमच होऊन बसला. ग्रंथ वाचायचा तो ग्रॅज्युएटनं.

आणि मग तो दिवस आला. श्रावणातला. सरळगावच्या अलीकडं ओढ्याला पाणी चढलं, रस्ता बंद झाला, आणि भाऊंची बस मुरबाडलाच अडकली. इकडे विहारात आम्ही जमलो. पांढऱ्या साड्या नेसून वीसेक बाया, काही पुरुष, पुढं धोंडूबाबा. हे विहाराचे अध्यक्ष. विहाराच्या पायाचा दगड ज्यांनी स्वतःच्या डोक्यावरनं वाहिला ते धोंडूबाबा, शब्दाला धार असलेला माणूस. आम्ही त्रिसरण-पंचशील घेतलं, ग्रंथावरचं कापड काढलं, कालच्या खुणेवर पान उघडलं, आणि बसलो.

बसलोच. कुणी वाचलं नाही. बारावीतली पोरगी होती, बी. कॉम.ला जाणारी होती, दहावी झालेल्या सुना होत्या. सगळ्या उघड्या ग्रंथापुढं हात जोडून तासभर गप्प. तास झाला, खूण होती तिथंच ठेवली, ग्रंथ कापडात बांधला, घरी गेलो. आणि मला काय वाटत होतं माहीत आहे? अभिमान! ग्रॅज्युएट नसताना आम्ही खंड पडू दिला नाही, याचा.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले तर मीच पुढं होऊन सांगितलं, "काळजी करू नका, कालचा दिवस चुकवला नाय आमी."

ते खूश झाले. "अरे वा. कोणी वाचलं?"

"वाचलं नाय कोणी. बसलो पण पुरा तास. पान उघडं ठेवून."

भाऊ माझ्याकडं वळले. "उघड्या पानापुढं? तासभर? कोणालाच वाचावंसं वाटलं नाय?"

"आमी कसं वाचणार? ग्रॅज्युएट तुमी."

ते आमच्या घराच्या पायरीवर बसले. हातातली पिशवी खाली ठेवली. मी त्या माणसाला तसा कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "मंदाबाई, माझं सगळं शिक्षण काल फुकट गेलं." आणि चहा न घेता उठून गेले. सुमनबाय सांगत होती, दुपारी जेवलेसुद्धा नाहीत.

मला रागच आला. चांगलं केलं त्याचं हे फळ! पण संध्याकाळी विहारात गेले तर भाऊ आपल्या जागेवर नाहीत. मागं, दाराशी, चपलांजवळ बसलेले. पंचशील झालं. सगळे वाट बघतायत. ते जागचे हलेनात.

"वाचा," म्हणाले.

धोंडूबाबा मागं वळले. "वाचा म्हणजे? कोणी?"

"मंदाबाई वाचतील."

मी सातवी. शाळेत शेवटचं मोठ्यानं वाचलं तेव्हा गुरुजींनी पट्टी मारली होती, आणि वर्ग हसला होता. त्यानंतर मी वाचलं ते किराण्याच्या पुड्यांचे कागद आणि बसच्या पाट्या, तेही मनात. मी म्हटलं, "भाऊ, मला नाय जमायचं. पोरींना सांगा."

"नळावर तुमचा आवाज पार शाळेपर्यंत जातो," ते शांतपणे म्हणाले. "इथं तर फक्त दारापर्यंत जायचाय."

सगळे हसले. आणि मला कुणी हसलेलं खपत नाही. मी उठले, ग्रंथापुढं बसले, आणि सुरू केलं. काय ते वाचन! अर्ध्या ओळीला दम लागायचा. जोडाक्षर आलं की मी तिथंच, खड्ड्यात चाक अडकावं तशी. माझीच जाऊ फिस्सकन हसली. दारातून आवाज आला, "पान संपेपर्यंत कोणी बोलायचं नाय." तासाभरात एक पान झालं. घामानं माझं पोलकं भिजलं होतं. पण शेवटची ओळ संपली तेव्हा अशी शांतता होती, आणि ती माझ्या आवाजानंतरची शांतता होती. रडू आलं मला. कशाला लपवू?

दुसऱ्या दिवशी बी. कॉम.वाली, तिसऱ्या दिवशी एक सून. चौथ्या दिवशी धोंडूबाबा उभे राहिले. "बस झाला खेळ. अडखळत, चुकत वाचायचं म्हणजे ग्रंथाचा अपमान हाय. या विहारासाठी आमी काय काय सोसलंय ते या पोरींना ठावं नाय. ग्रॅज्युएट वाचणार नसंल तर ग्रंथ मी कपाटात ठेवतो नि किल्ली माझ्या करगोट्याला बांधतो."

ते नुसतं बोलणारे नव्हते, बांधली असती. कपाटाला कुलूप लागलं असतं आणि वाचन तिथंच संपलं असतं. बाया खाली मान घालून बसल्या. मला वाटलं, गेलं. जेमतेम हाती आलेलं गेलं.

भाऊ दारातून उठून पुढं आले. ग्रंथ उचलला, धोंडूबाबांच्या पुढ्यात धरला आणि पान उलटू लागले. "बाबा, हे टिंब बघा." समासात पेन्सिलचं बारीक टिंब होतं. पुढच्या पानावर दोन. त्याच्या पुढच्यावर एक. "इथं मी शब्द चुकीचा वाचला. इथं अख्खी ओळ गाळली. इथं दोन वर्षं तीच चूक केली. घरी गेल्यावर आठवायचं, मग दुसऱ्या दिवशी येऊन टिंब करायचो."

धोंडूबाबांनी चष्मा वर केला. बराच वेळ पानं बघितली. "एवढ्या चुका? मग आमाला कशा नाय कळल्या?"

"तुमी ऐकत होता, बाबा. वाचत असता तर धरला असता मला."

आयुष्यात त्यांनी केलेलं सगळ्यात लांब भाषण ते हेच. धोंडूबाबांनी ग्रंथ बंद केला. कपाटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग किल्ली खिळ्याला अडकवली, सगळ्यांच्या हाताला येईल अशी, आणि म्हणाले, "ग्रॅज्युएटचं चुकतं तर हिचंबी चुकू दे." स्वतः मात्र पाळी घेतली नाही. कधीच नाही. "माझे डोळे गेले," म्हणायचे. अहो, स्टँडवर लांबनं येणाऱ्या बसची पाटी हाच माणूस आम्हाला वाचून दाखवायचा! तिसरीतनं शाळा सुटलेली, हे खरं कारण. पण त्यांना कोण बोलणार?

त्यानंतर भाऊंनी विहारात एक ओळही वाचली नाही. रिटायर झाले तरी नाही. पाळ्या लागल्या. आणखी एकच कायदा त्यांनी घातला. ज्याच्याकडून ओळ गाळली जाईल त्यानं दुसऱ्या दिवशी आधी उभं राहून सांगायचं, गाळलेली ओळ वाचायची, समासात टिंब करायचं, आणि मग पुढं जायचं. पेन्सिलचा तुकडा त्यांनी ग्रंथाच्या कापडात बांधून ठेवला. आता त्या समासात कोणाकोणाची टिंबं आहेत, काही विचारू नका. माझीच सगळ्यांत जास्त, कारण मी घाईची.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची छाती बिघडली. दवाखाने झाले. आषाढ लागला तेव्हा त्यांना चालवत नव्हतं. विहारापासून घर तिसरं. खाट ओटीवर आणून टाकली होती, म्हणजे वाचन कानावर पडेल. माझी पाळी असली की मी जरा जास्तच आवाज काढायची. धोंडूबाबा म्हणायचे, "हळू गो, बहिरे नाय आमी." मी म्हणायची, "तुमच्यासाठी नाय काढत."

ते गेले त्याच्या दोन दिवस आधी मी दुपारी पेज घेऊन गेले होते. डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपले. तर म्हणाले, "काल एक ओळ गाळलीत."

"नाय गाळली!" मी उसळलेच. आजारी माणूस आहे याचंही भान राहिलं नाही मला. "नीट बोट ठेवून वाचलंय."

"असेल. बघून सांगा."

मी तणतणत विहारात गेले. किल्ली काढली, पान काढलं. ओळ होती. दोन ओळींची सुरुवात एकाच शब्दानं, आणि माझं बोट वरच्यावरनं खालच्यावर घसरलेलं. ग्रंथ तसाच ठेवून परत आले. मला माघार घेताना जीभ जड होते, अख्ख्या वाडीला ठाऊक आहे. तरी म्हटलं, "गाळली, भाऊ."

ते हसले. इतकं मोकळं मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. संध्याकाळी मी विहारात उभी राहिले, सगळ्यांपुढं सांगितलं, ओळ वाचली. दारातून त्यांच्या ओटीकडं बघितलं तर सुमनबायनं त्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. त्यांनी हात थोडासा वर केला. झालं, आता पुढं चला, असा. मी मान खाली घालून पुढची ओळ धरली. तसे बसलेले ते मला दिसले ते शेवटचेच.

तर भादव्यातली ती संध्याकाळ. सगळे विहाराच्या पायरीवर. डोळे सुजलेले. ज्या पोरीची पाळी होती ती म्हणाली, "माझ्यानं आज तोंडातनं शब्द नाय निघायचा." दुसरी म्हणाली, "आजच्या दिवस राहू द्या. उद्या दोन दिवसांचं वाचू." माझा हा शाळेपर्यंत जाणारा आवाज, तोही निघेना. सुमनबाय भिंतीला टेकून बसली होती, ती एवढंच म्हणाली, "मला काय इचारू नका गो."

धोंडूबाबा काठी टेकत आत गेले. आम्हाला वाटलं दिवा लावायला. त्यांनी दिवा लावला. मग खिळ्यावरची किल्ली घेतली, कपाट उघडलं, ग्रंथ काढला आणि वाचणाऱ्याच्या जागेवर मांडी घालून बसले.

"एकदा ग्रॅज्युएट नव्हता म्हणून उघड्या पानापुढं गप बसलो होतो," ते म्हणाले. "परत नाय बसायचं. या आत."

आणि ऐंशीच्या पुढचा तो तिसरी शिकलेला माणूस वाचू लागला. एकेक अक्षर बोटानं दाबत. शब्द तुटत होते, मध्येच थांबत होते, पुन्हा मागं जाऊन तोच शब्द धरत होते. कुणी हललं नाही. पान संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा कायदा ज्यानं घातला त्याची दारातली जागा रिकामी होती, आणि तिथं कुणी चप्पल काढली नव्हती. एक पान व्हायला तास लागला.

पान संपलं. बाबांनी कपाळाचा घाम पुसला. मी इकडंतिकडं पाहिलं. मी शेजारीच बसले होते, सगळं वाचन पानावर डोळे ठेवून ऐकलं होतं. मी म्हटलं, "बाबा, मधली एक ओळ गाळलीत."

सगळ्या बाया माझ्याकडं वळल्या. आज? आजच्या दिवशी? बाबांनी भुवया चढवून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता काठी बसतेय.

त्यांनी चष्मा नीट केला, ग्रंथ पुन्हा डोळ्यांजवळ घेतला आणि म्हणाले, "थांब. बघून सांगतो."

बोट वरनं खाली सावकाश आलं आणि मध्येच थांबलं. "गाळली," ते म्हणाले. मी कापडाची गाठ सोडून पेन्सिलचा तुकडा त्यांच्या हातात दिला.